दोन कड्यांची पिशवी

१२ मार्च, मंगळवार

निनाद पॉझिटिव्ह. मी निगेटिव्ह.

आज एवढंच.

१३ मार्च, बुधवार

रात्री झोप लागली. चांगली लागली, हेच विचित्र.

निनादला डिसेंबरपासून ताप, वजन उतरलेलं, तोंडाला चव नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या, त्यात ही एक. काल आम्हा दोघांना बोलावून सांगितलं. एचआयव्ही. माझंही रक्त लगेच घेतलं. येताना गाडीत निनाद रडला. "शप्पथ सांगतो रेवा, मलाही आत्ताच कळतंय, तुझ्याबरोबरच." कसं झालं, हे विचारलं नाही मी. पुण्याच्या साइटवर असताना एकदा... असं काहीतरी पुटपुटला आणि थांबला. मी म्हटलं, सिग्नल सुटलाय.

राग यायला हवा होता. रडू यायला हवं होतं. घरी येऊन वांग्याचे काप केले. निनादच्या आई म्हणाल्या मीठ कमी आहे. होतं कमी.

आज दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत बसले. "हे बरं की हे बरं?" लोकांना बरोब्बर सांगता येतं. मला काल विचारलं असतं तर दोन्ही सारखंच म्हटलं असतं.

१४ मार्च, गुरुवार

उपचार केंद्रात गेलो. ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून निनादने टोपी, मास्क, सगळा जामानिमा केला होता. तिथे सगळेच मास्कमध्ये! पण चष्म्याच्या दुकानातल्या बाईला डोळे पुरतात. माझी दोन गिऱ्हाइकं रांगेत होती. त्यांनीही मला ओळखलं. कोणीच मान हलवली नाही.

डॉक्टर म्हणाले — रोज एक गोळी, ठरल्या वेळी, चुकवायची नाही. काही महिन्यांत रक्तात विषाणू सापडेनासा होईल. तसं झालं आणि टिकलं की बायकोला धोका नाही. तोवर निरोध. दरवेळी.

आमच्या घरात निरोध कधी आलाच नव्हता. आमची मुलगी कादंबरी झाल्यावर मी तांबी बसवून घेतली, विषय संपला. तेव्हाही मीच.

२१ एप्रिल, रविवार

दुपारी निनाद जवळ आला. महिन्यापेक्षा जास्त झालं होतं. निरोधाचं पाकीट फोडलं, लावलं आणि सगळं ओसरलं. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. "हे हातात घेतलं की मला आजारच आठवतो गं." भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मला काय वाटलं? पंखा पुसायला हवा, असं.

४ मे, शनिवार

निनादने दोन गोळ्या चुकवल्या! डबीत दिसल्या म्हणून कळलं. विचारलं तर म्हणतो, "काय उपयोग? जगून तरी काय करायचंय?" जेवत नाही. ऑफिसातून येतो आणि मोबाईल घेऊन पडतो. आईंना वाटतं नोकरीचा त्रास आहे. त्या रोज देवापुढे जास्तीची वात लावतात.

आता मला गणित कळलंय. तो खूश असला की गोळी घेतो. गोळी घेतली तर बरा होणार. बरा झाला तर मी वाचणार. कादंबरी दहा वर्षांची आहे. तिला एक तरी धड पालक हवा. म्हणजे फिरून फिरून गाडी कुठे आली? त्याला खूश ठेवण्यावर.

९ मे, गुरुवार

केंद्रात समुपदेशक आहे, दिपिका नावाची. माझ्यापेक्षा लहान असेल. तिला निरोधाचं सांगितलं. न लाजता सांगितलं, आजकाल लाजही वाटत नाही.

ती म्हणाली, "बायकांचाही निरोध असतो, रेवाताई. आपण घालायचा. त्याने काहीच करायचं नाही."

त्याने काहीच करायचं नाही — हे ऐकून हसूच आलं.

मग तीच म्हणाली, "आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे बरं का. तुम्ही नाही म्हणू शकता." मी मान हलवली. दुकानात महागडी फ्रेम दाखवल्यावर लोक हलवतात तशी.

एका ट्रस्टचा प्रकल्प चालू आहे. नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह अशा जोडप्यांतल्या बायकांना त्या पिशव्या देतात आणि मग विचारतात, जमतंय का, आवडतंय का. जुन्या पनवेलला एका दुकानावरच्या खोलीत बैठक असते. शनिवारी जाईन.

१८ मे, शनिवार

गेले. सात-आठ बायका. चटईवर बसलेल्या, मधे दिपिका आणि तिच्या हातात ती पिशवी. मऊ, लांब, पारदर्शक. दोन्ही टोकांना कडी. बंद टोकाची कडी आत जाते, उघड्या टोकाची बाहेर राहते. दोन बांगड्यांच्या मधे प्लास्टिक शिवल्यासारखं दिसतं.

पहिली बोलली रोडपालीची चंद्रावती. हातात पाटल्या, नाकात चमकी, आवाज खणखणीत. "अगो बाय! ही पिशवी हाय का मासं धरायची पाग? ह्यात किती मावतील?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. आवाज आला माझा, आश्चर्य वाटलं.

एकजण म्हणाली, "शी, ते बाहेर लोंबणार?" दुसरी म्हणाली, "स्वतःचा हात स्वतःला लावायचा? मला नाही जमणार." ती उठूनच गेली. चंद्रावती म्हणाली, "पोरं काय हात न लावता झाली का हिला!"

कोणीतरी विचारलं, हे शंभर टक्के चालतं का? दिपिकाने गोड बोलून फसवलं नाही. दरवेळी आणि बिनचूक वापरली तर वर्षभरात शंभर बायकांमधल्या पाच जणींना दिवस राहतात. नेहमीच्या घरगुती वापरात, कधी विसरलं, कधी सरकलं, तर वीस-एकवीस जणींना. पुरुषांच्या निरोधापेक्षा थोडं कमीच. "हे आकडे दिवस राहण्याचे. आजाराचे इतके स्वच्छ आकडे कोणाकडेच नाहीत. पण मधे पडदा असला तर विषाणू पलीकडे जात नाही. पडदा मधे असायला हवा, एवढंच." आणि दोन्ही निरोध एकदम वापरायचे नाहीत. एकमेकांना घासून फाटू शकतात.

पाच आणि एकवीस. मधल्या सोळा जणींनी काय चूक केली असेल, हा विचार घरी येईपर्यंत डोक्यात होता.

२० मे, सोमवार

न्हाणीघरात सराव. एक पाय बादलीवर. आतली कडी चिमटीत धरून आठाच्या आकड्यासारखी दाबायची आणि सरकवायची. पिशवीला तेल असतं. हातातून सुटली ती थेट नळावर जाऊन लटकली! मी आणि ती एकमेकींकडे बघत राहिलो.

बाहेरून आई — "रेवा, पडलीस का गं?"

"साबण पडला, आई."

पुन्हा केलं. पुन्हा सुटली. मग गेली. गेल्यावर कळतही नाही. ती घालून पोळ्या केल्या.

२६ मे, रविवार

निनादला आधी सांगितलं. तो म्हणाला, "तूच काय ते घाल. मला बघायला सांगू नकोस."

दुपारी कादंबरी चित्रकलेच्या क्लासला, आई हॉलमध्ये आडव्या. झालं. थोडी कुरकुर ऐकू येते, पिशवीची. आईंचे कान तिखट आहेत, म्हणून मी पंखा पाचवर केला.

निनाद म्हणाला, "काही कळलंच नाही. पहिल्यासारखंच." रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. गोळी घेतली. आईंना म्हणाला, "मस्त झालीये आमटी."

चालली म्हणायची पिशवी.

१५ जून, शनिवार

बैठक. आज एकेकीला बाजूला घेऊन विचारत होते. दिपिकाने मला विचारलं, घालायला त्रास होतो का? नवऱ्याची तक्रार? मग — "आणि तुम्हाला कसं वाटतं? म्हणजे, तुमचं समाधान?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला आणि तोही एका प्रकल्पाने.

"काही वाटत नाही," म्हटलं. "पिशवीमुळे?" "नाही. पिशवी बिचारी बरी आहे."

चहाच्या वेळी चंद्रावती शेजारी येऊन बसली. तिचा नवरा महादेव ट्रेलरवर, आजार तिकडूनच आणला, असं ती सरळ सांगते. "आमी लई भांडलो. मी त्याला म्हनलं, टोपी घालायची नाय ना तुला? मग मी पिशवी घालतंय. ती पन नको असंल तर ओसरीवर जाऊन नीज. आता गप हाय. तुमी काय म्हनलांत तुमच्या घरवाल्याला?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. तिला सांगितलं, "आमच्याकडे भांडण नाही झालं."

"मंग कसं वो झालं सगलं?" ती खरंच गोंधळली.

एक जण आज आलीच नाही. सासूला कपाटात पाकीट सापडलं. हे बाजारू बायकांचं सामान घरात आलं कुठून, म्हणून सासूने आकांत केला. आजार कोणी आणला, तो विषय निघालाच नाही.

७ जुलै, रविवार

चूक झाली. आज लिहून काढते. डोकं शांत आहे. नको इतकं शांत आहे.

दुपार. पिशवी नीट बसली होती, मी हाताने तपासली होती. निनाद आला. आणि मला कळलं. बाहेरची कडी एका बाजूला दाबली गेली आणि तो पिशवीत न जाता तिच्या बाजूने आत गेला. पिशवी आपली कडेला, चुरगळून. हे मला तेव्हाच कळलं. नंतर नाही, तेव्हाच.

दिपिकाने दहादा सांगितलं होतं — हाताने वाट दाखवायची, बाजूला जातोय वाटलं तर लगेच थांबवायचं.

मी बोलले नाही.

आमच्याकडे त्या वेळी बोलत नाहीत. लग्न होऊन खांदा कॉलनीतल्या या घरात आले. एकच बेडरूम, पातळ दार आणि दारापलीकडे आईंचा दिवाण. पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी हसून बोलले होते आणि पलीकडून आई खाकरल्या. बस्स. तेव्हापासून डोळे मिटायचे, तोंड मिटायचं, हात बाजूला. निनादही बोलत नाही. आम्हा दोघांची ती रीतच झाली. भांडण, हिशेब, कादंबरीचा अभ्यास, सगळ्यावर बोलतो. त्या वेळी नाही.

जीव जायची वेळ आली तरी नाही! म्हणजे काय बाई आहे मी?

पिशवी बाहेर काढली. आतून रिकामीच. कुठे फाटलेलीसुद्धा नाही. बिचारीने काही चूक केलीच नव्हती.

त्या सोळा जणींनी काय केलं असेल, ते आता माहीत झालं.

८ जुलै, सोमवार

दुकानात दात दुखतोय सांगून केंद्रात गेले. दिपिकाने शिव्या घातल्या नाहीत. "चांगलं झालं लगेच आलात. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू कराव्या लागतात." महिनाभर रोज. मग दोन तपासण्या, दुसरी ऑक्टोबरमध्ये. ती निगेटिव्ह आली की सुटले.

निनाद औषधावर आहे, त्यामुळे धोका कदाचित थोडाच. पण त्याने मधे गोळ्या चुकवल्या आणि विषाणू मोजायची तपासणी अजून व्हायची आहे. म्हणजे कोणालाच नक्की माहीत नाही.

"पिशवी फाटली नाही ना? मग दोष तिचा नाही. वाट चुकली. पुढच्या वेळी खिडकीचा पडदा उघडा ठेवा, डोळे उघडे ठेवा आणि बोला. बोलायचं, रेवाताई. एवढंच शिकायचं राहिलंय."

चाळिशीला टेकलेल्या बाईला बोलायला शिकवतायत.

१० जुलै, बुधवार

निनादला सांगितलं. तो म्हणाला, "मी काय केलं? तू नीट घातली नसशील."

मळमळतंय. गोळ्यांनी असेल.

२२ जुलै, सोमवार

आईंनी माझी डबी पाहिली. "तुला कसल्या गं गोळ्या?"

"रक्तवाढीच्या."

संध्याकाळी बघते तर खजूर, बीट आणि अळीव आणून ठेवलेले. अळिवाचे लाडू वळायला बसल्या. "मला तरी सांगायचंस. पोरी, तू फार गप्प असतेस." त्यांना काय सांगू, आई, गप्प कोणी केलं! पण लाडू चांगले झालेत. रोज एक खाते, वर मळमळ.

दोन डब्या आता टेबलावर शेजारी शेजारी. त्याची आणि माझी. एकाच वेळी पाणी पितो. लांबून कोणाला वाटेल, काय जोडपं आहे!

६ ऑगस्ट, मंगळवार

गोळ्या संपल्या.

११ ऑगस्ट, रविवार

बोलले!

आधी खिडकीचा पडदा सरकवला. निनाद म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "मला बघायचंय." मग तो जवळ आला तेव्हा कडी धरून ठेवली आणि म्हटलं, "थांब. असं नाही. इकडे." चांगलं मोठ्याने. घोगरा निघाला आवाज, पण निघाला. निनाद दचकला आणि थांबला. मी हाताने वाट दाखवली.

आणि हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढला. कीर्तन चालू होतं, ते एकदम गरजायला लागलं.

आई! झोपल्या नव्हत्या म्हणजे. मला हसायला आलं, निनादला नाही. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

२४ ऑगस्ट, शनिवार

पहिली तपासणी निगेटिव्ह. बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, वाट कशी चुकली ते. मला वाटलं हसतील. चंद्रावती म्हणाली, "माजी पन चुकली व्हती येकदा. मी असला रट्टा घातला त्याला! तुमी शिकलेल्या बाया लई सोसता." आणखी एकीने खाली बघत विचारलं, "थांब म्हणायचं म्हणजे... कधी म्हणायचं?" दिपिका काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "कळल्या कळल्या."

दिपिकाने विचारलं, ही पिशवी दुसऱ्या बाईला सुचवाल? हो म्हटलं. पण नुसती देऊ नका, म्हटलं. तिच्याबरोबर तोंडही उघडायला लावा.

२१ सप्टेंबर, शनिवार

निनादचा रिपोर्ट आला. विषाणू सापडत नाही! डॉक्टर म्हणाले, गोळ्या अशाच चालू राहिल्या आणि पुढचा रिपोर्टही असाच आला, तर निरोधाची गरज उरणार नाही. निनादने बाहेर येऊन माझा हात धरला, सगळ्यांदेखत. मास्कही खाली घेतला. बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं तेवढं नाही, पण वाटलं. सिनेमागृहातून बाहेर आल्यावर उजेड कसा डोळ्यांना हळूहळू मानवतो, तसं काहीसं.

"सुटली तुझी पिशवी," म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "या घरात माझ्या ताब्यातली तेवढी एकच वस्तू आहे."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. आईंनी दोघांना ओवाळलं. मंगळवारी रक्त देईन. भीती वाटतेय. लिहिताना लक्षात आलं — खरंच वाटतेय. मार्चमध्ये वाटायला हवी होती, ती आता पोचली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

निगेटिव्ह.

रिपोर्ट निनादच्या हातात दिला. त्याने वाचला, मला जवळ घेतलं, जिलेबी आणतो म्हणाला. दारात चपला घालता घालता म्हणाला, "मला खात्री होतीच. तीन वर्षं काही झालं नाही तुला, ते आता काय होतंय!"

तीन वर्षं.

मी म्हटलं, "आपल्याला तर मार्चमध्ये कळलं."

त्याने वर पाहिलं आणि पुन्हा खाली. एक चप्पल पायात, एक जमिनीवर. "तुला त्रास नको म्हणून बोललो नाही गं," म्हणाला.

आईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी जाऊन टीव्ही बंद केला. मला राग आलाय.